मायनं उचललेला फोन

मायनं उलथणं कानाला लावलं आणि आवाज एकदम बारीक केला.

“कोन? सरकारकडनं का? बोला की, साहेब. न्हाई, वैजंता न्हाई घरात. म्या तिची माय बोलते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, पण मायचं तिकडं लक्ष नव्हतं. दुपारी तिला आलेला फोन ती आम्हाला करून दाखवत होती. मी नुकतीच दुकानातून येऊन उंबऱ्यात टेकले होते आणि धाकटी बहीण चित्रा माझ्या हातांवरचं वार्निश काढायला रॉकेलचा बोळा फिरवत होती.

“मंग त्यो म्हनला, मावशी, वैजंता हणमंत गवारे यांनी आपल्या केंद्रात मोटार वाइंडिंगचा कोर्स केला होता. आता त्या काय करतात?”

“मग तू काय सांगितलंस?” चित्रानं विचारलं.

“काय सांगनार?” मायनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. “म्हनलं, काय करती बया! घरीच बसून असती. काम न्हाई, धंदा न्हाई. बाप गेला, कमावनारं कोनी न्हाई, दोन पोरी उरावर. शिकून कायबी उपेग झाला न्हाई, साहेब. असं म्हनलं आन् जरा नाक वढलं.”

तिनं नाक ओढूनही दाखवलं. चित्रा हसून हसून आडवी झाली. मी दिवसभर उकिडवी बसून एका जळक्या मोटारीत नवी तार भरली होती, पाठ मोडून आली होती, तरी मलाही हसू आवरेना. काम नाही, धंदा नाही!

“बरोबर सांगितलं का न्हाई?” मायनं विचारलं.

“एकदम बरोबर, माय!” चित्रा म्हणाली. “तू नाटकातच पाहिजे होतीस.”

माय खूश झाली. मग तिला भाकरीची आठवण झाली आणि तिनं आम्हा दोघींनाच झाप झाप झापलं.

आमच्या गल्लीत ही रीतच होती. सरकारी माणूस दारात आला की घरात काही नसतं. असलेली सायकल शेजाऱ्याची होते, शेळी मामाची होते, आणि धडधाकट पोरगा आजारी पडतो. याला कारण होतं शेवंताकाकूचा बबन. तो पुण्याला कंपनीत लागला त्या वर्षी गावात कसली तरी पाहणी आली होती. बबन सुट्टीवर आलेला, अंगात नवा शर्ट, डोळ्यावर गॉगल. त्यानं पाहणीवाल्याला आपला पगार छाती फुगवून सांगितला. पुढं काकूचं पिवळं रेशनकार्ड गेलं, धान्य गेलं, आणि वर्षाच्या आत बबनची नोकरीही गेली. कार्ड काही परत आलं नाही. तेव्हापासून मुरडगावातल्या आमच्या गल्लीनं कानाला खडा लावला होता. माय तर विधवा. पिवळं कार्ड आणि निराधारचा पगार हे तिचे दोन खांब होते. आण्णा वारले तेव्हा आम्हाला त्या दोन खांबांनीच तोलून धरलं होतं. रेशनवाला, तलाठी, पोलिओवाली बाई, फोनवरचा माणूस, मायच्या लेखी हे सगळे एकाच घरातले. एकाच्या कानात सांगितलं की सगळ्यांना कळणार.

माझं काम मात्र त्या केंद्रामुळंच लागलं होतं. बेकार पोरापोरींसाठी सरकारनं ते तालुक्याला काढलं होतं. तिथं नाव नोंदवायचं, कोर्स करायचा आणि मग काम शोधायचं. मोटार भरायला शिकवणारे बिराजदार सर कर्नाटकाच्या सीमेवरचे. खिशात कायम भाजलेल्या शेंगा. जळकी मोटार समोर आली की ते आधी तिचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, “ह्या बाईला कुणी तरी लई छळलंय की वो.” आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. मग ते जळकी तार उपसायला लावायचे, वेढे मोजायला लावायचे, आणि एक वेढा जरी चुकला तरी तारेची पूर्ण गुंडी उसवायला लावायचे. आमच्या भागात उन्हाळ्यात विजेचा दाब असा खालीवर होतो की पाण्याच्या मोटारी पटापट जळतात. भरणाऱ्याला काम कमी नाही. कोर्स संपल्यावर सरांनी मला स्वतःच्या स्कूटरवर बसवून मार्केट यार्डात इनायतभाईच्या दुकानात नेलं. बाई म्हटल्यावर इनायतभाईनं तोंड वाकडं केलं होतं. सरांनी त्यांच्यापुढं शेंगा धरल्या आणि म्हणाले, “हिनं भरलेली एक मोटार बघ. मग तोंड वाकडं कर, नाहीतर सरळ कर.” तोंड सरळ झालं. असेच त्यांनी बहुतेक सगळ्यांना कुठं ना कुठं चिकटवलं होतं.

आता चित्राची पाळी होती. बारावी झाल्यापासून ती दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची आणि डबा राहायचा बाजूला, हीच तारेला हात घालायची. माझ्यापेक्षा तिची बोटं हलकी. मी दातओठ खाऊन जी गुंडी खोबणीत बसवायची ती हिच्या हातून अलगद बसायची. इनायतभाई म्हणायचे, “वैजंता, तू घरी बस, हिला पाठव.” पण शिकल्याचा कागद असल्याशिवाय दुकानात नवं माणूस ठेवायला ते तयार नव्हते, आणि कागद केंद्राचाच लागायचा. चित्रानं दिवाळीनंतरच्या बॅचला नाव नोंदवलं होतं. फोन नंबर माझ्यासारखाच तिनंही मायचाच दिला. तेव्हा घरात तेवढा एकच फोन होता.

तिकडं रावसाहेबमामांनी चित्रासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा सेंट्रिंगच्या कामाचा, निर्व्यसनी, घरी थोडी जमीन. मामांना घाई होती. वैजंता कामाला लागून हाताबाहेर गेली, निदान ही तरी वेळेत उजवा, असं ते माझ्यासमोरच म्हणायचे. चित्रानं मायचे पाय धरले होते. मायनं भावाला सांगितलं, “पोरगीचा नंबर लागला तर कोर्स हुईस्तोवर आन् काम लागून वरीसभर लगीन न्हाई. नंबर न्हाई लागला, तर तुळशीचं लगीन झालं की तू म्हनशील तसं.” माय शब्दाची पक्की होती. चित्राला तेवढंच पुरेसं होतं. बिराजदार सरांनी तिची बोटं पाहिली होती, नंबर लागणार यात कुणालाच शंका नव्हती. तिनं तर आण्णांच्या जुन्या निळ्या पँटी उसवून वर्गात घालायला एक डगलाही शिवला होता. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं चि काढला होता.

दसरा झाला. एका दुपारी बिराजदार सर दुकानात आले आणि पालथ्या क्रेटवर बसून राहिले. माझ्या हातात मोटार होती, पण ते वास घ्यायला पुढं आले नाहीत की शेंगाही काढल्या नाहीत.

“वैजंता,” ते म्हणाले, “तुला जिल्ह्याहून फोन आलता का? काम करतेस का म्हणून विचारायला?”

“मला नाही, सर. मायला आला होता.”

“आणि माय काय म्हणाली?”

मी मोटार खाली ठेवली. हसण्यावारी न्यावं असं वाटलं, पण त्यांचा चेहरा बघून हसता येईना.

“घरीच असते म्हणाली.”

सरांनी खाली ठेवलेली मोटार पायानं सरळ केली. मग म्हणाले, “सगळ्यांच्याच माया तेच म्हणाल्या की.”

मग त्यांनी सांगितलं. कोणत्या केंद्राचा उपयोग होतो आणि कोणत्याचा नाही, हे सरकार तपासत होतं. नाव नोंदवलेल्या, कोर्स केलेल्या पोरांना पुढं काम लागलं का, हे बघायचं. आधी त्यांनी फंडाच्या नोंदीत आमची नावं शोधली. पगारातून फंड कापला जात असेल तर माणूस नोकरीत आहे.

“माझ्याकडं कसला फंड?” इनायतभाई मधेच म्हणाले. “मी दोन टाइम चहा देतो.”

“तेच की. यार्डातल्या कुठल्या दुकानात फंड आहे? तिथं एकही नाव सापडलं नाही. मग त्यांनी फोन लावले. पोरं कामावर, फोन घरी. प्रत्येक घरातून उत्तर एकच. काम नाही, धंदा नाही.” सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. “म्हणजे बिराजदार इतकी वर्षं नुसता शेंगा खात बसला. केंद्र बंद करायचं, मशिनी दुसऱ्या तालुक्याला द्यायच्या, असं वर चाललंय.”

“आणि दिवाळीनंतरची बॅच?”

“थांबवली.”

सर चष्मा पुसत म्हणाले, “सोमवारी जिल्ह्याहून निकम मॅडम येणार आहेत. त्यांनी मला एक संधी दिली आहे. जे खरोखर कामाला आहेत त्यांना त्यांच्यापुढं उभं करायचं. घरच्या माणसांना घेऊन या. फोनवर कोण बोललं होतं, का बोललं होतं, ते सांगा. मी सगळ्यांकडं फिरतोय.”

“कोण कोण येतंय?”

“अजून कुणी हो म्हटलं नाही,” सर म्हणाले आणि स्कूटरला किक मारायला गेले.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा माय शेंगदाणे निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

“मंजे माझ्या बोलन्यानं?”

“तुझ्या एकटीच्या नाही, माय. सगळ्यांच्याच.”

“मंग आता सांगायचं का, की मी खोटं बोलले?” तिचा आवाज चढला. “सरकारला तोंडावर सांगायचं? आधी म्हनलं पोरगी रिकामी हाय, आता म्हनायचं कमावती हाय. मंजे खोटं बोलून धान्य खाल्लं म्हनून केस करतेल की! कार्ड जाईल, निराधार जाईल. शेवंताची गत बघितली न्हाईस?”

“पण चित्राचा नंबर...”

“तुज्या एका पगारावर घर चालनार हाय का? उद्या इनायतनं काढून टाकलं तर काय खायाचं? तारा?”

तिचं चूक होतं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही. आजही पुरतं म्हणता येत नाही. इनायतभाई माणूस चांगला, पण पावसाळ्यात मोटारी जळायच्या कमी झाल्या की आठवडा आठवडा “नंतर ये” म्हणायचे. पिवळं कार्ड कधी “नंतर ये” म्हणत नव्हतं.

चित्रानं भांडण केलं असतं, रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, दोरीवर वाळत घातलेला तो निळा डगला काढला, नीट घडी केली आणि पेटीत कपड्यांच्या अगदी तळाशी ठेवला. माय तिच्या पाठीकडं बघत होती. नंतर मायनं निवडलेल्या आणि न निवडलेल्या शेंगदाण्यांचा एकच ढीग केला आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

सोमवारी सकाळी मी दुकानात जायला निघाले तर माय नेसून तयार. आण्णांच्या मागं तिनं जे एक बऱ्यापैकी लुगडं ठेवलं होतं ते, आणि हातात प्लास्टिकची पिशवी.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“कुटं मंजे? त्या मॅडमकडं. चित्रे, तू बी चल. तोंड धू जरा.”

चित्रानं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, आता काहीही होवो, हिचा नंबर लागलाच. वाटेत ती मायच्या पुढं पुढं चालत होती, आणि मधेच थांबून मायचा पदर नीट करत होती.

केंद्रात आम्ही गेलो तेव्हा बाहेर सरांनी बाक मांडून जागा केली होती, पण माणसं फार नव्हती. आमच्याशिवाय दोन घरं आली होती. बाकीच्यांनी सरांना चहा पाजून परत पाठवलं होतं. सर दारात उभे राहून रस्त्याकडं बघत होते.

निकम मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. प्रवासानं थकलेल्या, समोर लॅपटॉप, बाजूला न प्यालेला चहा. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, नाव विचारलं, आणि बोटं चालवून काही तरी शोधलं.

“वैजंता हणमंत गवारे. इथं नोंद आहे, बेरोजगार. फोन आईंनी घेतला होता.”

“व्हय, मीच घेतला व्हता,” माय म्हणाली. “पन ते खरं न्हाई. पोरगी कामाला हाय. सर्वेवाले आले की आमी तसंच सांगतो.”

“मावशी, तुमचं बोलणं रेकॉर्ड झालेलं आहे,” मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, नुसतंच सांगितलं. आणि खात्री करून घ्यावी तसं त्यांनी ते लावलं.

लॅपटॉपमधून मायचा आवाज आला. बारीक, रडका. काय करती बया, घरीच बसून असती. काम न्हाई, धंदा न्हाई. शिकून कायबी उपेग झाला न्हाई, साहेब. आणि मग ते नाक ओढणं. आम्ही उलथण्यावर ऐकलं होतं त्याहून ते कितीतरी खरं वाटत होतं. बिराजदार सर दारातच होते. उपयोग झाला नाही हे शब्द आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली. चित्रा मायच्या मागं उभी होती. तिच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

मायनं खुर्चीचे हात धरले. “त्यो आवाज माजाच हाय,” ती म्हणाली. “पन त्यो खोटा हाय. हा खरा हाय.”

“मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण मी वर काय सांगू? आता धाकटीला जागा हवी म्हणून आई वेगळं बोलते, असं ते म्हणतील.”

मी माझे हात पुढं केले. नखांत वार्निश होतं, बोटांवर तारेचे चिरे होते. “मॅडम, दुकानात चला. मार्केट यार्ड जवळच आहे. मालकांना विचारा.”

त्यांनी माझ्या हातांकडं नीट बघितलं. “मला पटलंय,” त्या म्हणाल्या. “पण प्रत्येकाच्या दुकानात मी जाऊ शकत नाही. आणि बाकीचे तर आलेच नाहीत.”

तेव्हा मायनं पिशवीत हात घातला. आत आणखी एक पिशवी होती, तिच्या आत फडकं, आणि फडक्यात पिवळं कार्ड. ते तिनं दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि मॅडमकडं सरकवलं.

“हे घ्या,” ती म्हणाली. “निराधारबी बंद करा. माजी तक्रार न्हाई. पन एवड्या पोरीला घ्या.”

मॅडमना काही कळेना. त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं. “हे कशाला?”

“तुमी त्याच्यासाटीच फोन केला व्हता न्हवं?”

“नाही हो, मावशी.” मॅडम पुढं झुकल्या. “रेशनचं खातं वेगळं. निराधारचं वेगळं. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आम्हाला फक्त एवढंच बघायचं होतं की हे केंद्र पोरांच्या उपयोगाचं आहे का. तुम्ही हो म्हणाला असतात तर कार्डाला कुणीसुद्धा हात लावला नसता.”

माय त्यांच्याकडं बघतच राहिली.

“मंग त्या मानसानं तसं का न्हाई सांगितलं? बाई, कार्डाचं इचारत न्हाई, पोरीच्या शाळंचं इचारतोय, एवडं म्हनला असता तर?”

मॅडमनी लॅपटॉपकडं बघितलं. “त्यांना प्रश्न लिहून दिलेले असतात, मावशी. तेवढेच विचारायचे असतात.”

मॅडमनी कार्ड मायच्या हातात परत दिलं. मायनं ते फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. तिला गाठ जमेना, शेवटी चित्रानं पुढं होऊन मारली. मॅडम म्हणाल्या की त्या आमच्या तिन्ही घरांचं लिहून पाठवतील, नक्की पाठवतील. त्यांनी पाठवलंही. सरांना त्यांचा फोन आला होता. पण वर जे जायचं ते आधीच गेलं होतं, आणि तीन घरांनी त्यात काही फरक पडला नाही.

दिवाळीच्या आत एक टेम्पो आला. वेढे गुंडाळायची मशिनं, आम्ही ज्यांच्यावर शिकलो त्या मोडक्या मोटारी, बाक, सगळं त्यात गेलं. सर पोरांना म्हणाले, “सांभाळून चढवा की, बाई म्हातारी आहे ती.” कुणी हसलं नाही. पुढं ते आपल्या गावाकडं गेले. जाताना दुकानात येऊन माझ्यापुढं शेंगांचा एक मोठा पुडा ठेवला. मायबद्दल ते एका शब्दानं वाईट बोलले नाहीत. मला अजून वाटतं, बोलायला हवं होतं.

माय शब्दाची पक्की होती हे मी सांगितलंच. तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या आठवड्यात चित्राचं झालं. नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, पोरांवर जीव आहे. एकदा त्यांच्या बोअरची मोटार जळाली. चित्रानं वास घेऊन सासऱ्यांना सांगितलं की मामा, हिची एकच गुंडी गेलीय, अख्खी भरायची गरज नाही, मी करते. सासरे म्हणाले, “तू चहा ठेव.” मग तालुक्याहून माणूस आला, त्याला चहा चित्रानंच नेऊन दिला. हे तिनं मला हसत हसत सांगितलं. तिला कुठलीही गोष्ट हसत हसतच सांगायची सवय आहे. निळा डगला तिनं जाताना माझ्याकडं टाकला. मी तो दुकानात घालते. मला तो दंडात घट्ट होतो.

मायनं त्यानंतर सरकारी माणसापुढं कधी सोंग केलं नाही. कुणी पाहणीला आलं की ती आत निघून जायची आणि शेवंताकाकूला बोलायला पुढं करायची. कार्ड अजून आहे. मी आता इनायतभाईंच्या दुकानात निम्मी भागीदार आहे, तरी दर महिन्याला माय स्वतः रेशनला जाते. आणलेला गहू मात्र ती स्वतः निवडत नाही, मला निवडायला लावते.

या पंचमीला चित्रा माहेरी आली होती. जेवणं झाली होती. ती अंगणात लेकीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत होती, मी जरा आडवी झाले होते. मायचा फोन वाजला. नंबर अजूनही तोच. तिला आता ऐकू कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला असतो, आख्ख्या गल्लीला कळतं.

“नमस्कार,” एका मुलीचा आवाज आला. “रोजगार विभागाकडून बोलतेय. चित्रा हणमंत गवारे आहेत का?”

चित्राचा फणीचा हात थांबला. मी उठून बसले.

“त्यांची माय बोलते,” माय म्हणाली.

“मावशी, चित्राताईंनी मागं मोटार वाइंडिंगच्या कोर्ससाठी नाव नोंदवलं होतं. कोर्स झाला नव्हता, बरोबर?”

“न्हाई झाला.”

“नाव नोंदवूनही ज्यांना कोर्स मिळाला नाही, त्यांचं पुढं काय झालं याची आम्ही माहिती घेतोय. चित्राताई सध्या काय करतात?”

मी हात पुढं केला. फोन माझ्याकडं दे, अशी खूण केली. माय माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं वळली. तिनं आवाज बारीक केला नाही. शेजारणीशी बोलावं तसं ती मोकळं बोलली.

“चित्रा मोटारी भरती.”

“म्हणजे वाइंडिंगचंच काम करतात?”

“व्हय. सोताचं दुकान हाय तिचं. लांबलांबनं मोटारी येतेत. तिचा हात लई हलका हाय, बाई. वासावरनं सांगती, काय जळलंय ते. तिनं भरलेली मोटार पुन्ना जळत न्हाई.”

“कोर्स न करताच शिकल्या?”

“बहिनीचं बघून शिकली.” माय जरा थांबली. “तिला शिकवायची गरजच न्हवती.”

“अरे वा! खूप छान वाटलं ऐकून,” ती मुलगी म्हणाली. पलीकडं तिची बोटं चालल्याचा आवाज आला. “तशी नोंद करते. धन्यवाद, मावशी.”

फोन बंद झाला. माय तशीच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, फोन दोन्ही हातांत धरून. ती वळेना आणि आमच्यापैकी कुणाला तिला हाक मारवेना.

“बरोबर सांगितलंस, माय,” अंगणातून चित्रा म्हणाली, आणि लेकीच्या केसांचे तीन पेड करून तिनं वेणी घालायला घेतली.